पीक भरघोस, गाव ओस

अमेरिकेच्या शेतीचं एक चित्र आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. नजर पोचेल तिथवर मका, मधोमध घराएवढं हार्वेस्टर आणि त्याच्या वातानुकूलित केबिनमध्ये बसलेला एक शेतकरी. महाराष्ट्रात शेतीच्या दुरवस्थेवर बोलणं सुरू झालं की कोणी ना कोणी हे चित्र पुढे करतोच. जमिनीचे तुकडे एकत्र करा, माणसं शेतीतून बाहेर काढा, यंत्रं आणा, म्हणजे सगळं मार्गी लागेल. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर, आणि तिकडे 463 एकर, म्हणजे जवळपास 187 हेक्टर. एवढं सांगितलं की समोरचा गप्प बसतो. पण त्या केबिनमधल्या माणसाच्या शेजारची माणसं कुठे गेली, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहायला आल्यापासून मला हाच प्रश्न छळतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. अमेरिकेने शेतीचं धोरण आखताना एकर मोजले, पोती मोजली, घरं मोजली नाहीत. त्यामुळे पीक वाढत गेलं आणि गावं मोडत गेली. काळाचा महिमा म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण त्यामागे कायदे आहेत, सरकारी पैसा आहे, आणि ठराविक वर्षी ठराविक माणसांनी घेतलेले निर्णय आहेत.

1935 साली अमेरिकेत 68 लाख फार्म होते. 2022 च्या कृषिगणनेत 19 लाख उरले. 2017 ते 2022 या पाचच वर्षांत एक लाख चाळीस हजारांहून जास्त फार्म नकाशावरून गेले. जे उरले त्यांतही सगळे सारखे नाहीत. वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर माल विकणारे फार्म फक्त 6 टक्के आहेत, पण देशातल्या एकूण शेतमालाच्या विक्रीत तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा त्यांचाच. शेतकऱ्याचं सरासरी वय 58.1 वर्षं. याच काळात मक्याचं उत्पन्न कुठून कुठे गेलं? 1930 च्या दशकात एकरी 25 बुशेलच्या आसपास होतं, आता 180 च्या घरात आहे. आपल्या हिशेबात एकरी साधारण 45 क्विंटल. एवढं पिकवूनही तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान बंद पडतं, शाळा शेजारच्या गावात विलीन होते, आणि बाळंतपणासाठी तासभर गाडी चालवावी लागते.

जमीन थोड्यांच्या हाती गेली की गावाचं काय होतं, हे अमेरिकेच्या सरकारला फार पूर्वी कळलं होतं. ही हकिगत आपल्याकडे सांगितली जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 1940 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकीन खोऱ्यात सरकारी पैशातून कालव्यांचं मोठं काम चाललं होतं. 1902 च्या कायद्याने अशा सरकारी पाण्याला 160 एकरांची मर्यादा घातलेली होती. ती ठेवायची की उठवायची, यावर रण माजलं होतं. तेव्हा कृषी खात्याने वॉल्टर गोल्डश्मिट या मानववंशशास्त्रज्ञाला दोन गावांचा अभ्यास करायला सांगितलं. एक आर्विन, दुसरं डिन्यूबा. दोन्ही गावांच्या शिवारात पिकणाऱ्या मालाची किंमत साधारण सारखी. फरक एवढाच की डिन्यूबाभोवती छोटी कुटुंबं स्वतःची शेती करत होती आणि आर्विनभोवती मोठमोठे मळे होते, त्यांवर मजूर राबत होते.

गोल्डश्मिटने दोन्ही गावांतली दुकानं मोजली, शाळा, बागा, वर्तमानपत्रं, चर्च, मंडळं सगळं मोजलं. डिन्यूबात आर्विनच्या जवळजवळ दुप्पट दुकानं निघाली. तिथे दोन वर्तमानपत्रं होती, शाळा जास्त होत्या, सार्वजनिक बागा होत्या, गावाचा कारभार गाव स्वतः निवडून बघत होतं. आर्विनमध्ये मुलांना खेळायला एक मैदान होतं, तेही एका कंपनीने वापरायला दिलेलं. पिकाचा पैसा दोन्हीकडे तेवढाच येत होता. डिन्यूबात तो शंभर घरांतून फिरत गावात राहत होता, आर्विनमध्ये मालकाबरोबर शहरात जात होता. या अभ्यासावर टीका झाली, आणि ती वाचण्यासारखी आहे: दोन गावांचं वय सारखं नव्हतं, पाण्याची स्थितीही वेगळी होती. पण त्या शंका मिटवायला अनेक गावांचा पुढचा अभ्यास करायचं ठरलेलं असताना बड्या जमीनमालकांनी असा गदारोळ केला की कृषी खात्याने तो गुंडाळूनच टाकला. उत्तर काय येणार याची भीती असल्याशिवाय कोणी अभ्यास थांबवत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

पुढची दिशा तिथेच ठरली होती. 1970 च्या दशकात निक्सनचे कृषिमंत्री अर्ल बट्झ शेतकऱ्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा म्हणून सांगत फिरले. सोव्हिएत रशिया गहू घेत होता, भाव चढले होते, बँका जमिनीच्या फुगलेल्या किमतीवर कर्ज द्यायला उभ्याच होत्या. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमीन घेतली, मोठे ट्रॅक्टर घेतले. मग महागाई आवरायला व्याजदर आभाळाला भिडवले गेले, 1980 च्या जानेवारीत रशियाला धान्य विकण्यावर बंदी आली, जमिनीच्या किमती कोसळल्या. सरकारचं ऐकून ज्यांनी पाऊल उचललं होतं, तेच आधी बुडाले. 1985 साली इलिनॉयमध्ये विली नेल्सन आणि इतर गायकांनी शेतकऱ्यांसाठी 'फार्म एड'ची मैफल केली, आणि त्याच वर्षी आयोवात शेतकऱ्यांसाठी दिवसरात्र चालणारी मदतीची फोनसेवा सुरू झाली. ती आजही चालू आहे, यातच काय ते आलं.

त्या काळात रास्त भावाची मागणी इथेही जोरात होती. 1979 च्या फेब्रुवारीत हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थेट वॉशिंग्टनमध्ये घुसले. उत्पादनखर्चाशी मेळ खाणारा भाव द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. त्याच सुमारास आपल्याकडे शरद जोशी चाकणच्या कांद्यासाठी रस्त्यावर उतरले होते. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना एकमेकांचा पत्ता नसेल, पण दुखणं एकच होतं.

आता विस्कॉन्सिनकडे या. या राज्यातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच 'अमेरिकेची दूधभूमी' अशा अर्थाचे शब्द असतात. वीस वर्षांपूर्वी इथे दुधाचे परवानाधारक गोठे पंधरा हजारांच्या वर होते, आता सहा हजारांच्या आत आहेत. दूध कमी झालेलं नाही, उलट वाढलं आहे. गाई तेवढ्याच, पण पन्नास-साठ गाईंच्या गोठ्यातून निघून त्या हजारो गाईंच्या शेडमध्ये गेल्या. दुधाचा भाव महिन्यामहिन्याला वरखाली होतो. भाव पडला की छोटा शेतकरी हप्ता भागवायला आणखी दूध काढतो, सगळ्यांनी तेच केलं की बाजारात दूध जास्त होऊन भाव आणखी पडतो. शेवटी टँकरवाला कळवतो की तुमच्या एका गोठ्यासाठी त्या रस्त्याला गाडी पाठवणं परवडत नाही. दूध न्यायलाच कोणी नाही म्हटल्यावर गाईंना किती जीव लावला याला किंमत राहत नाही.

असा गोठा मोडतो तेव्हा लिलाव होतो. मी अशा लिलावाला गेलो आहे. अवजारांच्या शेडबाहेर गवताच्या गाड्या ओळीने लावलेल्या असतात आणि त्यांवर तीन पिढ्यांचं सामान मांडलेलं असतं: पाने, साखळ्या, कुंपणाच्या तारेची बंडलं, वासरांना दूध पाजायच्या बाटल्या, आजोबांच्या काळातले दुधाचे डबे. चर्चमधल्या बायका एका टेबलावर कॉफी आणि घरी भाजलेला 'पाय' हा गोड पदार्थ घेऊन बसतात, त्याचे पैसे गावाच्या कामाला जातात. लिलाववाला तालात आकडे ओरडत पुढे सरकतो. शेजारी बोली लावतात, पण एकमेकांच्या वर फार चढत नाहीत. मोठी यंत्रं मात्र आता इंटरनेटवरच्या बोलीला असतात आणि चार राज्यं पलीकडच्या कोणाला तरी जातात. मालकीणबाई सगळ्यांशी हसून बोलत होत्या. मालक गोठ्याच्या दाराशी उभे होते, त्यांच्याशी काय बोलावं हे कोणालाच सुचत नव्हतं, म्हणून माणसं नुसती जाऊन शेजारी उभी राहत होती.

1930 च्या मंदीत याच प्रदेशात लिलावाची वेगळी रीत होती. बँकेने जप्ती आणली की शेजारी जमत, एकेका वस्तूला काही सेंटांची बोली लावत, बाहेरच्या माणसाला बोलू देत नसत, आणि सगळं विकत घेऊन मूळ मालकाला परत करत. त्यासाठी एका हाकेला पन्नास शेजारी जमावे लागत. आता त्याच रस्त्यावर पाच घरं असतात, त्यांतल्या दोनांत शेती करणारं कोणी नसतं.

शेतकरी कमी झाले आणि त्यांच्याशी व्यवहार करणारे तर त्याहून कमी. बियाण्याचा आणि कीटकनाशकांचा धंदा गेल्या दहा वर्षांतल्या विलीनीकरणांनंतर मूठभर कंपन्यांकडे आहे: बायरने मोन्सॅन्टो घेतली, डाऊ आणि ड्यूपॉन्ट एकत्र येऊन पुढे कॉर्टेव्हा झाली, सिंजेंटा चीनच्या सरकारी कंपनीकडे गेली. कत्तलीला जाणाऱ्या पुष्ट गाईबैलांपैकी साधारण 85 टक्के चार कंपन्या घेतात. 1921 साली मांसकंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध कायदा झाला, तो अजून पुस्तकात आहे, पण अंमल करणाऱ्यांचे हात आखडलेले आहेत. ग्राहक अन्नावर एक डॉलर खर्च करतो, त्यातले साधारण पंधरा-सोळा सेंट शेतकऱ्यापर्यंत येतात.

डुकरांचं तर विचारूच नका. आयोवात 1980 साली साठ हजारांहून जास्त शेतकरी डुकरं पाळत. आता पाच-सहा हजार उरले, आणि डुकरांची संख्या मात्र राज्याच्या लोकसंख्येच्या सातपट. बहुतेक ठिकाणी डुकरं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेडचं कर्ज शेतकऱ्याचं, आणि मैलाही शेतकऱ्याचाच. त्या मैल्यातलं नायट्रेट शेवटी नद्यांमध्ये उतरतं. 2025 च्या उन्हाळ्यात आयोवाची राजधानी डि मॉईनच्या परिसरात पाण्यातलं नायट्रेट इतकं वाढलं की हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली.

ट्रॅक्टरही शेतकऱ्याचा पूर्ण राहिलेला नाही. ऐन काढणीत एखादा सेन्सर बिघडतो, यंत्र जागच्या जागी थांबतं, आणि दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर फक्त कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे. आभाळ भरून आलेलं, शेत उभं, आणि मेकॅनिक दोन दिवसांनी येणार. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची यंत्रं स्वतः खोलून जोडणाऱ्या माणसांना हे किती लागतं, हे त्यांच्याशी बोलल्यावर कळतं. 2023 साली कोलोरॅडोने शेतीयंत्रं दुरुस्त करण्याचा हक्क देणारा देशातला पहिला कायदा केला. 2025 च्या जानेवारीत केंद्र सरकारच्या व्यापार आयोगाने याच कारणावरून ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीवर खटला भरला. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं रेटा लावला म्हणून एवढं तरी झालं.

सरकार मदत करतच नाही असं नाही. भरपूर करते, आणि माझा खरा आक्षेप त्या मदतीच्या रचनेवर आहे. 2018 साली चीनशी व्यापारयुद्ध सुरू झालं, चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के जादा कर लावला, आणि ट्रम्प सरकारने दोन वर्षांत वीस अब्ज डॉलरहून जास्त नुकसानभरपाई वाटली. ती एकरावर आणि उत्पादनावर बेतलेली होती. ज्याच्याकडे दहा हजार एकर, त्याला तेवढ्याच पटीने पैसा. 2025 मध्ये तेच पुन्हा झालं. चीनने कित्येक महिने सोयाबीन घेतलं नाही, ब्राझीलकडून घेतलं, शरदातली काढणी झाली तरी माल कोठारात. मग पुन्हा मदतीची घोषणा. पीकविम्याच्या हप्त्याचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग सरासरीने सरकार भरतं, आणि त्याला प्रत्येक शेतकऱ्यामागे कसलीही कमाल मर्यादा नाही. थेट अनुदानाला मर्यादा आहे, पण 2018 च्या कृषी कायद्याने पुतणे, भाचे, चुलतभाऊसुद्धा शेतीच्या कारभारात दाखवून प्रत्येकाच्या नावावर वेगळी रक्कम उचलण्याची सोय करून दिली. 2025 च्या जुलैमध्ये ती मर्यादाही सव्वा लाख डॉलरवरून एक लाख पंचावन्न हजारांवर नेली.

याचा गावात काय परिणाम होतो? मोठ्याच्या हाती खात्रीचा पैसा असतो. शेजारचा म्हातारा शेतकरी गेला की त्याची जमीन लिलावाला येते, आणि मोठा सहज जास्त बोली लावतो. आयोवातली शेतजमीन 2023 साली सरासरी एकरी 11,835 डॉलरला गेली. पंचवीस वर्षांच्या मुलाने ती कर्जावर घेतली तर मक्याच्या भावात व्याजही निघत नाही. खंडाने घ्यावी तर तिथेही बोली त्याच्या आवाक्याबाहेर. छोट्याला जगवायला म्हणून काढलेला पैसाच शेवटी त्याची जमीन विकत घ्यायला वापरला जातो. शेतकरी वाचवा असं म्हणत मंजूर होणाऱ्या प्रत्येक मदतीकडे मी म्हणून संशयाने पाहतो.

एवढं सगळं सोसून गावं टिकली कशी, हे पाहिलं की माणसांपुढे हात जोडावेसे वाटतात. पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत एखादा शेतकरी कॅन्सरने अंथरुणाला खिळला, की एका सकाळी आजूबाजूचे आठ-दहा हार्वेस्टर त्याच्या शेतात उतरतात. डिझेल गावची सहकारी संस्था देते, जेवण घराघरांतून येतं, संध्याकाळपर्यंत मळणी होऊन धान्य कोठारात पडलेलं असतं. कोणी पैशाचं नाव काढत नाही. आपल्याकडच्या इर्जिकीची आठवण व्हावी असंच ते काम. नॉर्थ डकोटात 2005 साली 'फार्म रेस्क्यू' नावाची संस्था याच कामासाठी निघाली. आजारी किंवा जायबंदी शेतकऱ्याच्या शेतावर स्वयंसेवक यंत्रं घेऊन जातात. संस्था उत्तम काम करते. पण शेजारी पुरले असते तर संस्था काढावी लागली असती का, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

आग विझवायला बहुतेक छोट्या गावांत पगारी माणसं नसतात. शेतकरी, शिक्षक, गॅरेजवाला, हेच पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावतात. धान्याच्या कोठारात माणूस रुतला तर त्याच्याभोवती पत्रे खुपसून, आतलं धान्य उपसून त्याला जिवंत काढायचं प्रशिक्षणही त्यांनाच. तरुण गेले की या दलांचं वय साठीकडे झुकतं. शाळेचंही तेच. नेब्रास्कात अमेरिकन फुटबॉलचा अकरा जणांचा संघ उभा करायला पोरं पुरत नाहीत, म्हणून आठ जणांचा खेळतात, कुठे कुठे सहा जणांचा. दोन-तीन गावांच्या शाळा एक होतात आणि शाळेच्या नावात गावांची नावं जोडून येतात. शुक्रवारी रात्री त्या मैदानावर अख्खं गाव जमतं, कारण जमायला दुसरी जागा उरलेली नाही.

उन्हाळ्यात काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, जत्रा भरते. वर्षभर स्वतः वाढवलेलं वासरू, डुक्कर, मेंढी घेऊन पोरं रिंगणात उतरतात. शेवटच्या दिवशी विक्री होते. गावातली बँक, खाद्याचं दुकान, ट्रॅक्टरचा विक्रेता बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त बोली लावतात. तो पैसा मुलाच्या कॉलेजला जातो. किंमत मुद्दामच जास्त दिलेली असते, आणि हे सगळ्यांना माहीत असतं. आता बँक राज्यभर पसरलेल्या साखळीची शाखा झाली, ट्रॅक्टरच्या विक्रेत्याची दहा दुकानं एका मालकाने घेऊन गावातलं बंद केलं. तर मग बोली लावणार कोण? गोल्डश्मिटने आर्विन आणि डिन्यूबात मोजलं ते हेच होतं.

घराच्या आत डोकावलं तर आणखी एक गोष्ट दिसते. बहुतेक शेतकरी कुटुंबं शेतीवर जगत नाहीत. उत्पन्नाच्या क्रमाने बरोबर मधोमध येणाऱ्या शेतकरी कुटुंबाचं निव्वळ शेतीचं उत्पन्न कित्येक वर्षी शून्याच्या खाली असतं. घर चालतं ते बाहेरच्या नोकरीवर, आणि ती बऱ्याचदा बायको करते: शाळेत, दवाखान्यात, काउंटीच्या कचेरीत. पगारापेक्षाही त्या नोकरीबरोबर येणारा आरोग्यविमा महत्त्वाचा. 2010 पासून शंभराहून जास्त ग्रामीण रुग्णालयं बंद पडली किंवा तिथे रुग्णांना दाखल करून घेणं थांबलं. रुग्णालय गेलं की दवाखाना जातो, नोकरी जाते, विमा जातो, आणि मग शेतीही जाते. आत्महत्यांचं प्रमाण शेतकऱ्यांमध्ये इतर कामकऱ्यांपेक्षा जास्त आहे. विदर्भातून आलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. फरक असेल तर एवढाच की इथे शेजारघर मैलभर लांब असतं आणि बंदूक घरातच असते.

या सगळ्यात 'शेतकरी' म्हणून डोळ्यांपुढे गोरा म्हातारा माणूस येतो, आणि ही उणीव मला बोचते. कार्व्हर मराठी वाचकाला घरच्यासारखे आहेत. अलाबामातल्या ज्या गरीब काळ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी शेंगदाणा आणि चवळीचा प्रचार केला, त्यांच्या नातवंडांकडे ती जमीन राहिली का? 1920 साली देशात नऊ लाखांहून जास्त काळे शेतकरी होते, आता पन्नास हजारही नाहीत. कृषी खात्याच्या स्थानिक कचेऱ्यांनी त्यांना कर्ज नाकारलं, लांबवलं, ऐन पेरणी उलटल्यावर दिलं. 1999 मध्ये काळ्या शेतकऱ्यांनी कृषी खात्यावर भरलेल्या पिगफर्ड खटल्याच्या तडजोडीत सरकारने भरपाई मान्य केली, पण गेलेली जमीन परत आली नाही.

आणि मजूर? दुधाच्या मोठ्या गोठ्यांत रात्री दोनला गाई पिळणारे हात बहुतांशी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले आहेत. शेतमजुरांसाठीचा हंगामी व्हिसा त्यांना लागू होत नाही, कारण गाय बारा महिने दूध देते आणि कायद्याला हंगाम लागतो. त्यामुळे कित्येक जण कागदांवाचून राहतात. आयोवातल्या पोस्टव्हिल या जेमतेम तेवीसशे वस्तीच्या गावात 12 मे 2008 रोजी मांसाच्या कारखान्यावर धाड पडली आणि 389 जणांना धरून नेलं. शाळेतल्या मुलांचे आईबाप गेले, भाडेकरू गेले, दुकानांची गिऱ्हाइकं गेली. गावातल्या कॅथलिक चर्चने कित्येक महिने त्या कुटुंबांना जेवण दिलं, घरभाडं दिलं. ज्या गावांत शाळेचे वर्ग अजून भरतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ते याच स्थलांतरितांच्या मुलांमुळे. गाव वाचवायचं म्हणत त्यांनाच हाकलणं ही आत्मघाताची वाट आहे.

इथे शहरी मित्र एक वाक्य नेहमी ऐकवतात: यांनीच ट्रम्पला मतं दिली, आता भोगू देत. शेतीवर अवलंबून असलेल्या काउंट्यांमध्ये 2024 साली तीन चतुर्थांशाहून जास्त मतं ट्रम्पला पडली, हे खरं आहे. त्यांच्या मताशी माझं जमत नाही. तरीही हे वाक्य मला निर्दयी वाटतं. बट्झ रिपब्लिकन होते, धान्यबंदी घालणारे कार्टर डेमोक्रॅट होते, आणि बियाण्याच्या नि मांसाच्या कंपन्या एकमेकींना गिळत होत्या तेव्हा दोन्ही पक्षांची सरकारं येऊन गेली. चाळीस वर्षं कोणीच ऐकलं नाही म्हटल्यावर माणूस जो मोठ्याने ओरडतो त्याच्यामागे जातो. शिवाय व्यापारयुद्धात पहिला घाव त्या काउंटीतल्या विरोधी मत दिलेल्यांवर आणि मतदानाचा हक्कच नसलेल्या मजुरांवरही तेवढाच बसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोठी शेती स्वस्तात पिकवते, अमेरिकी कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा कमी आहे, मग गावांच्या मायेपोटी सगळ्यांनी महाग का खावं? मी याला उडवून लावत नाही, गरिबाच्या ताटाचा प्रश्न आहे. पण एकतर शेतकऱ्याला डॉलरमागे पंधरा-सोळा सेंट मिळत असतील, तर त्याचा भाव थोडा वाढल्याने दुकानातली किंमत फारशी हलत नाही. दुसरं, अमेरिकेतल्या मक्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग इथेनॉल होऊन गाड्यांमध्ये जळतो, त्याला स्वस्त अन्न म्हणता येणार नाही. आणि गढूळ पाणी, बंद रुग्णालयं, अब्जावधींची तातडीची मदत हे सगळं आपण करातून भरतोच, फक्त ते दुधाच्या पिशवीवर छापलेलं नसतं. शेजारच्या कॅनडाने 1970 च्या दशकापासून दुधाला कोटा लावला आहे. किती दूध काढायचं ते आधी ठरतं आणि भाव खर्चावर बेतला जातो. तिथे दूध थोडं महाग आहे, कोटा विकत घेणं नव्या शेतकऱ्याला फार जड जातं, हेही दोष आहेत. पण शंभरेक गाईंचा गोठा तिथे अजून कुटुंब पोसतो.

कोणी म्हणेल, अमेरिकेत असलं काही चालणार नाही. नॉर्थ डकोटाचा इतिहास उघडून पाहावा. 1915 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी नॉनपार्टिझन लीग ही राजकीय संघटना काढली, सत्ता घेतली, 1919 मध्ये राज्याच्या मालकीची बँक उभी केली, 1922 मध्ये राज्याच्या मालकीची पिठाची गिरणी. दोन्ही आज शंभर वर्षांनंतर चालू आहेत. 1932 साली त्यांनी कंपन्यांना शेतजमीन घ्यायला बंदी केली. 2015 मध्ये विधिमंडळाने दूध आणि डुकरांसाठी ती बंदी सैल केली तेव्हा लोकांनी 2016 मध्ये सार्वमत घेऊन 75 टक्क्यांच्या वर मतांनी तो बदल उलटवला. हे राज्य कडवं रिपब्लिकन आहे. 2023 मध्ये विधिमंडळाने पशुपालनापुरती वाट पुन्हा मोकळी केली, म्हणजे लढाई संपलेली नाही.

आता पाळी जमिनीची आहे, आणि वेळ फार नाही. आयोवातल्या शेतजमिनीपैकी साधारण दोन तृतीयांश जमीन पासष्टी ओलांडलेल्या मालकांच्या नावावर आहे. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ती हात बदलणार. नेब्रास्काने 1999 साली नवख्या शेतकऱ्याला जमीन भाड्याने देणाऱ्या मालकाला करात सवलत देणारा कायदा केला, मिनेसोटाने पुढे जाऊन विकणाऱ्यालाही ती दिली. ही योजना देशभर लागू करावी. पीकविम्याच्या सरकारी हप्त्याला प्रत्येक कुटुंबामागे कमाल मर्यादा घालावी, पुतण्या-भाच्यांची पळवाट बंद करावी, आणि त्यातून वाचलेला पैसा पहिली जमीन घेणाऱ्या तरुणांच्या कर्जाला लावावा, त्यात काळे आणि स्थलांतरित शेतकरीही आले. 2018 चा कृषी कायदा 2023 मध्येच संपला, तेव्हापासून तो नुसता मुदतवाढीवर ढकलत नेला जातो आहे. नवा लिहिताना प्रत्येक तरतुदीपुढे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, एकच आकडा मागावा: याने काउंटीत शेती करणारी घरं किती वाढतील किंवा किती कमी होतील.